आठ शिश्यांपैकी चार

सप्टेंबरची एकोणीस तारीख, साल पासष्ट, वार रविवार. रक्कम सात रुपये साठ पैसे. हजर माणसं : तू, मी, तुझी बहीण म्हणजे माझी बायको कुसुम, आणि चार वर्षांची आमची सुमन. सुमनला हजेरीत धरायचं की नाही, यावर कुसुम तापातही हसली होती.

वसंता, ती रक्कम पेनिसिलिनच्या आठ शिश्यांची होती. तू त्या पदरच्या पैशांनी आणल्या होत्यास. मी पाकीट काढलं तर तू माझा हात धरलास. म्हणालास, "आज नको. आठवी टोचली की दे. तू हिशेबाचा माणूस. देणं बाकी असलं की तुला चैन नाही पडत. त्या निमित्तानं तरी आठ पुऱ्या होतील."

ते पैसे मी तुला कधीच दिले नाहीत, कारण आठवी शिशी टोचलीच नाही. पाचवीही नाही. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. सुया टोचणारा कंपाउंडर सोडला, तर सहा वर्षं तिसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलून राहिले आहेत. तुझी दवाखान्यातली नोकरी, तुझी सायकल, रक्त तपासायला येणाऱ्या गरिबांना तू कसा चहा पाजायचास, सगळं बोलून झालं. मी त्यात भर घालणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेलास.

आदल्या दिवसापासून सांगतो. शनिवारी दुपारी कारखान्यातून तासाभराची सुटी काढून मी तुझ्या प्रयोगशाळेत आलो होतो. कुसुमला हुडहुडी भरून एकशेचार ताप चढला होता, उजव्या कुशीत कळ होती आणि खोकल्यातून गंजासारख्या रंगाचं पडत होतं. तिला सातवा महिना होता. मी आणलेला बेडका तू काचपट्टीवर घेतलास, काळ्या शाईत कालवलास आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलंस.

"दिसून राहिलं का?"

"सगळं काळंच आहे."

"काळी तर शाई आहे बे. शाईत जिथं काळं नाही तिथं पाहा."

मग दिसलं. जोडीजोडीनं बसलेले बारीक दाणे, आणि प्रत्येक जोडीभोवती उजेडाचं एक कडं. शाई त्या कड्यापर्यंत येऊन थांबत होती, आत शिरत नव्हती.

"ते कवच," तू म्हणालास. "साखरेचं असतं."

"जाडी किती?"

"दिन्या, काहून असा आहेस तू? इथं तुझं कारखान्यातलं मापाचं गेज लावायचं नसतं." तू हसलास. मग माझा चेहरा पाहून हसू आवरलंस आणि मला समजेल अशा भाषेत सांगायला लागलास. "कमानिया गेटपाशी खव्याची जलेबी खातोस ना? पाकातून काढल्या काढल्या चिमटीत धरून पाहा. निसटते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला धरून गिळतात, पण हा जंतू अंगावर पाक चढवून येतो. पेशी त्याला धरायला जाते, हा निसटतो. कवच नसलेला जंतू तिच्या एका घासाचा आहे. कवच आहे म्हणून हा माणूस मारतो."

"मग शरीर काय करतं?"

"शरीर त्या पाकाला चिकटेल अशी खास पकड बनवतं. ती बसली की पेशीला धरता येतं. पण ती बनायला आठवडाभर लागतो, कधी वर एखादा दिवस. तोवर पेनिसिलिननं जंतूला दाबून ठेवायचं. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरेल, त्याच्यावर जाऊ नको. ताप उतरला म्हणजे पुष्कळ जंतू मेले. सगळे मेले असं नाही. जे दडून राहतात ते कवचासकट राहतात. म्हणून आठ सुया. कळलं?"

मी म्हणालो, कळलं. खरंच कळलं होतं. हे मी आज मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं मी जे केलं ते न कळल्यामुळं केलं असं कोणी समजू नये.

"आणि हिचं अजून कठीण आहे," तू आवाज उतरवून म्हणालास. "पोटानं खालून फुफ्फुसाची जागा खाल्ली आहे, दम आधीच कमी. शिवाय आमचे डॉक्टर म्हणतात, पोटातलं लेकरू अर्धं परक्या घरचं असतं. म्हणजे तुझ्या घरचं. आईच्या शरीरानं त्याला परकं समजून हाकलू नये म्हणून आतला पहाराच जरा सैल असतो. अशा वेळी हा पाकवाला चोर आला तर त्याला दार उघडंच. हिच्यातून तो लेकरापर्यंतही जाऊ शकतो. तेव्हा आठ म्हणजे आठ."

रविवारी पहिली सुई दिली. सोमवारी सकाळी तुला रक्त गोळा करणाऱ्या पथकाबरोबर कटनीला धाडलं. लढाई चालू होती, कोणाची सोय पाहायचे दिवस नव्हते. आमच्या कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी होती. घमापुरातल्या सगळ्या खिडक्यांना काळा कागद चिकटला होता, आणि अंधार पडल्यावर कंपाउंडर हातातल्या टॉर्चवर निळा कागद बांधून आमच्या घरी येत होता.

मी दर चार तासांनी ताप लिहायचा तक्ता केला होता. आलेखाच्या कागदावर, उभ्या रेघेत अंश, आडव्या रेघेत वेळ. मी पाळीवर असलो की कुसुम स्वतः थर्मामीटर लावून आकडा लिहायची. मंगळवारी दुपारपासून ताप उतरला. गुरुवारी सकाळपर्यंत लागोपाठ दहा आकडे साडेअठ्ठ्याण्णवच्या आत आले.

आता माझं काम काय ते तुला माहीत होतं. शंभर नगांचा लॉट आला की त्यातले दहा काढायचे, मोजायचे. दहाही मापात निघाले तर शंभरच्या शंभर पास. वीस वर्षं मी हेच केलं. त्या तक्त्यावर दहा आकडे मापात पाहिले आणि माझा हात आपोआप खाली गेला. तक्त्याच्या तळाशी मी "पास" लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. माझ्या बायकोच्या तापाच्या कागदावर मी सही केली, वसंता.

त्याच सकाळी रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगितलं होतं. गल्लीत पेढे वाटून राहिले होते. संध्याकाळी कंपाउंडर आला तेव्हा मी त्याला दारातच थांबवलं.

"बाबूजी, डॉक्टर साहब ने आठ लिखे हैं. अभी चार बाकी हैं."

"बुखार उतर गया है. दो दिन से नॉर्मल है."

"दीदी को एक बार देख लूँ?"

आतून कुसुम म्हणाली, "नको हो, कंबर सुजली आहे सुयांनी. आजच्या दिवस राहू द्या."

कंपाउंडरनं खांदे उडवले. "जैसी आपकी मर्ज़ी." तो गेला. चार शिश्या मी कपाटात नीट रांगेत ठेवल्या, शेजारी तक्ता ठेवला. फेकून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तू परत आलास की परत करायच्या होत्या. वापरल्या नाहीत तर परत करायच्या, हा माझा प्रामाणिकपणा.

रविवारी पुन्हा हुडहुडी भरली. सोमवारी कळा सुरू झाल्या, दोन महिने आधी. मुलगा झाला, तो रडला नाही. मंगळवारी दुपारी कुसुम गेली. शेवटच्या तासाभरात तिला श्वास घेताना मी पाहिलं आहे, आणि ते मी लिहिणार नाही.

त्या महिन्यात मी पास केलेला एकही लॉट कारखान्यात परत आला नाही. आमच्या सेक्शनला शाबासकीचं पत्र मिळालं.

तू बुधवारी पोचलास. बसायला येणाऱ्यांसाठी अंथरायला पांढरी चादर हवी होती म्हणून तू कपाट उघडलंस, आणि मी मागून पाहत होतो. तू उघड्या दारापुढं उभा राहिलास. चार शिश्या, शेजारी तक्ता, त्यावर माझी सही. किती वेळ उभा होतास ते मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काही मोजलं नाही. मग तू चादर काढलीस, दार लावलंस, कडी घातलीस आणि बाहेर येऊन बसलास.

तुझ्या आईनं विचारलं ते बरोबर तेव्हाच. लहानपणी तुमच्या दीक्षितपुऱ्याच्या घरी खेळायला यायचो तेव्हापासून मी तिला काकू म्हणतो, जावई झालो तरी तेच राहिलं. काकू म्हणाली, "बरी झाली होती म्हणत होते ना? मग कसं उलटलं?"

घरात दहा-बारा माणसं होती. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी म्हणालो, "वसंतानं जंतू नीट पाहिला नसेल. दुसराच असेल. औषध चुकीचं पडलं."

काकू तुझ्याकडं वळली. "काय रे? खरं आहे?"

तू माझ्याकडं पाहिलंसही नाहीस. भिंतीला टेकून बसलेली सुमन चादरीचा कोपरा चघळत होती. तू तिच्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, "असंल आई. लढाईची घाई होती. चूक झाली असंल."

मी खोटं बोललो ते भीतीनं बोललो. पण तू काहून बोललास? हे मी तुला सहा वर्षं विचारत आलो, मनात. दहा-बारा माणसांत तू मला उघडं पाडायला हवं होतंस. मी रडलो असतो, काकूनं मला शिव्या दिल्या असत्या, आणि ते तिथंच संपलं असतं. तू मला वाचवलंस आणि जन्मभरासाठी अडकवलंस. असा चांगुलपणा कोणी मागितला होता?

काकू तेराव्या दिवशी सुमनसाठी आमच्या घरी आली ती राहिलीच. सहा वर्षं तिनं माझ्या मुलीच्या वेण्या घातल्या, माझा डबा भरला. कारखान्यातून घरी यायचो तेव्हा ओट्यावर दोघी भाजी निवडत बसलेल्या असायच्या. हे सुख तू मला दिलंस हे मी जाणतो. तुझी आई तू मला दिलीस आणि स्वतः दीक्षितपुऱ्यात एकटा हातानं पोळ्या लाटत राहिलास. त्या सहा वर्षांत तिनं तुझ्या खोलीत पाणी घेतलं नाही. दर रविवारी तू सुमनसाठी जलेबीचा पुडा घेऊन यायचास. काकू पुडा घ्यायची, "ठेव तिथं" म्हणायची आणि आत निघून जायची. ताटातली जलेबी सुमन मला द्यायची. मला ती गिळायला लागायची, कारण नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

एकदा मी धीर केला होता. सुमन सात वर्षांची होती. कमानिया गेटपाशी तू सायकलला टेकून उभा होतास, पुडा बांधून घेत होतास. मी म्हणालो, "वसंता, मी काकूला सांगून टाकतो."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

तू दुकानदाराला म्हणालास, "भैया, पाक कम रखना, बच्ची के लिए है." मग मला म्हणालास, "सुमन कितवीत?"

"दुसरीत. विषय बदलू नको."

"विषय तोच आहे. आईला कळलं तर ती तुझ्या घरात एक दिवस राहणार नाही. मग पोरीला कोण पाहील? तुझं गेज?"

"आणि तुझं काय?"

"माझं काय, चालून राहिलं आहे. पोरगी अठराची होऊ दे. मग दोघं मिळून सांगू. आईच्या हातचा मार दोघं मिळून खाऊ. चलो." आणि सायकलवर बसून गेलास.

मी घरी येऊन आकडा काढला. अकरा वर्षं बाकी होती. मला बरं वाटलं, वसंता. मुदत मिळाली याचं बरं वाटलं. त्या दिवशी जेवणही नेहमीपेक्षा जास्त गेलं. माझी लाज मी दुसऱ्या कोणत्या मापानं मोजू?

सुमन आता दहा वर्षांची आहे. आठ वर्षं बाकी असताना तू गेलास. पुन्हा लढाई, पुन्हा खिडक्यांना काळा कागद, पुन्हा तुझे रक्ताच्या बाटल्यांमागचे दिवस. छातीत कळ आली तेव्हा तू खुर्चीवरून उठलासही नाहीस, असं सांगतात. मला आठ पुऱ्या करायला सांगणारा तू, स्वतः मात्र मधेच सोडून गेलास.

काकू तुझ्या तिरडीपाशी रडली नाही. तेरवीच्या दिवशी पानं वाढून झाल्यावर एका पानावर तुझ्यासाठी जलेबी ठेवली, आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "त्याच्या हातून माझी लेक गेली. पण लेक होता, कसा टाकू?"

मी वाढत होतो. हातातलं भांडं खाली ठेवलं. माणसं जेवत होती म्हणून मी तेव्हा बोललो नाही. हेही लिहून ठेवतो, कारण माणसं जेवून उठल्यावरही मी तीन दिवस बोललो नाही.

काल सकाळी सुमन शाळेत गेल्यावर मी काकूच्या समोर बसलो. ती तुझ्या खोलीतून आणलेलं सामान लावत होती. सायकलचा पंप, दोन सदरे, शाईची एक दौत. मी सात रुपये साठ पैसे तिच्यापुढं ठेवले आणि सांगितलं. सूक्ष्मदर्शकातलं कडं, जलेबीचा पाक, आठ कशासाठी, दहा आकडे, माझी सही, कपाट, चादर, तू काय म्हणालास आणि कोणाकडं पाहून म्हणालास. कमानिया गेटपाशी काय ठरलं तेही.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती बहुधा तुझ्याही लक्षात आली नसावी. तक्त्यावरच्या दहा आकड्यांपैकी सहा कुसुमच्या अक्षरातले होते, आणि सहाही अगदी एकच होते, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. नवखा निरीक्षकसुद्धा अशा आकड्यांना पास करत नाही. ती सुयांना कंटाळली होती की माझ्या जादा पाळ्या बुडू नयेत म्हणून लिहीत होती, की ताप खरंच तेवढा होता, मला ठाऊक नाही. मोजायचं काम माझं होतं. तिची आई ते आकडे कधी पाहणार नाही. तक्ता मी काल चुलीत घातला. कोणासाठी गप्प बसणं कसं असतं ते तुझ्याकडूनच शिकलो.

काकूनं दौत सदऱ्यांशेजारी ठेवली. म्हणाली, "आणखी चार टोचल्या असत्या तर वाचली असती?"

"माहीत नाही. कदाचित वाचली असती. कदाचित नसती."

"वसंताला माहीत होतं?"

"त्यालाही माहीत नसणार."

"ते नाही विचारत," ती म्हणाली. "मी त्याच्याशी बोलत नव्हते ते तुमच्यामुळं, हे त्याला माहीत होतं?"

"हो."

"आणि तो दर रविवारी येत होता."

"हो."

तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. तिनं पैशांकडं पाहिलं. "हे काय आहे?"

"शिश्यांचे. आठवी टोचली की दे म्हणाला होता."

"टोचल्या किती?"

"चार."

काकूनं पैसे पुढं ओढले. एक एक रुपया आणि एक एक नाणं बाजूला करत तिनं तीन रुपये ऐंशी पैसे मोजले आणि कनवटीला लावले. उरलेले माझ्याकडं सरकवले. "चारचे घेते. त्या चार त्यानं माझ्या लेकीला दिल्या. बाकीच्या चारचे तुमच्याजवळच असू द्या, दिनकरराव."

मग उठली. तुझ्या खोलीची किल्ली खिळ्यावरून काढली. "मी दीक्षितपुऱ्यात राहायला जाते. सुमनला शाळा सुटली की तिकडं धाडत जा. पोरीला यातलं काही सांगू नका, मी सांगीन तेव्हा सांगीन." दारात थांबून म्हणाली, "त्याच्या माठात पाणी असंल ना अजून?"

मी म्हणालो, सोळा दिवसांचं असेल, शिळं झालं असेल.

"असू दे," ती म्हणाली आणि गेली.

दिले : तीन रुपये ऐंशी पैसे. कोणाला : वसंताच्या आईला. उरलेले तीन रुपये ऐंशी पैसे कपाटात आहेत, शिश्या होत्या त्या जागी.